अंदाजेबाई आणि गुच्छ क्रमांक एकेचाळीस

वेधशाळेत नोकरी आहे म्हटलं की लोक आधी विचारतात, मग तुम्ही झोपता कधी? मी टायपिस्ट. मी रात्रीच झोपते. आणि जिच्याबद्दल हे लिहायला बसले आहे त्या अंदाजेबाई तर साडेनऊला दिवा मालवायच्या. एकतीस वर्षं त्यांनी तारे मोजले, पण मान वर करून आकाशाकडे बघताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. दुर्बीण होती डोंगरावर, शहरापासून तीन तासांच्या अंतरावर. तिथं रात्री जागायला दाढ्या वाढवलेली, स्वेटर उलटा घालणारी मंडळी होती. ती फोटो पाठवायची, आणि खाली शहरात, मोजणीच्या खोलीत, सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेपाच, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी, एवढ्या वेळात ताऱ्यांची वयं काढली जायची.

अंदाजे हे त्यांचं आडनाव नव्हे. कुठलाही आकडा लिहायच्या आधी त्या ‘अंदाजे’ लिहीत, म्हणून ते चिकटलं. रजेच्या अर्जावर ‘अंदाजे तीन दिवस’. बसायच्या खुर्चीचा पाय तुटला तेव्हा तक्रारवहीत ‘अंदाजे एक पाय’. एकदा परदेशातल्या कुणा विद्वानाचं पत्र ‘श्रीमती अंदाजे’ या नावानं आलं, तर बाईंनी उत्तराखाली सहीसुद्धा तशीच ठोकून दिली. म्हणाल्या, “कशाला त्या बिचाऱ्याला ओशाळं करायचं?” गंमत अशी की त्यांचा अंदाज चुकत नसे. बाकीचे लोक छातीठोकपणे सांगायचे आणि तोंडावर पडायचे. बाई अंदाजे सांगायच्या आणि ते तंतोतंत निघायचं. पुढं पुढं तर साहेबही एखाद्या आकड्यावर अडले की म्हणायचे, “बाईंच्या नजरेखालून घाला.”

आता ही नजर म्हणजे काय, ते सांगायला हवं. मला यातलं काही कळत नाही, पण तीस वर्षं हेच टाइप करत आले, तेव्हा न कळता तोंडपाठ आहे.

खुला तारकागुच्छ म्हणजे एकाच ढगातून एकाच वेळी जन्मलेली शेकडो भावंडं. बहुतेक गुच्छ तरुणपणीच फुटतात, जो तो आपल्या वाटेला लागतो. थोडे मात्र चिवट निघतात आणि अब्जावधी वर्षं एकत्र नांदतात. अशा म्हाताऱ्या गुच्छांचं वय किती, ते किती लांब आहेत आणि कशाचे बनले आहेत, हे शोधणं बाईंचं काम. तारा काही जन्माचा दाखला घेऊन येत नाही. मग त्या फोटोवरचा एकेक तारा मोजायच्या, आलेखाच्या कागदावर त्याचा ठिपका द्यायच्या. जितका तेजस्वी तितका वर, जितका निळा तितका डावीकडे. सगळे ठिपके पडले की त्यांची एक तिरकी रांग दिसते, आणि रांगेच्या वरच्या टोकाला एक वळण. मोठे, झगमगते तारे उधळे असतात. त्यांचं इंधन आधी संपतं आणि ते रांग सोडतात. त्यांच्यामागून त्यांच्याहून लहान. म्हणजे वळण जितकं खाली उतरलेलं, तितका गुच्छ म्हातारा.

हे वळण ओळखायला बाईंकडे अकरा पारदर्शक कागद होते. प्रत्येकावर एकेका वयाचा वक्र काढलेला आणि कोपऱ्यात, किती सरकला ते मोजायला, एक फुली. कागद ठिपक्यांवर ठेवायचा आणि सरकवायचा. वर-खाली किती सरकवावा लागला, त्यावरून अंतर. आडवा किती सरकवावा लागला, त्यावरून वाटेत धूळ किती. आणि अकरातला जो कागद वळणावर चपखल बसेल, ते वय. बाई कागदावर दोन बोटं ठेवून श्वास रोखून सरकवायच्या, आणि तेवढा वेळ खोलीत कुणी शिंकलेलं त्यांना खपत नसे.

राहिला प्रश्न कशाचे बनले आहेत याचा. तो आकडा शेजारच्या खोलीतून, वर्णपटवाल्यांकडून यायचा. हायड्रोजन आणि हेलियम सोडून जे काही उरतं ते सगळं या लोकांच्या लेखी धातू. कोळसा धातू. श्वासात घेतो तो प्राणवायूसुद्धा धातू. हे ऐकून आमचा शिपाई म्हणाला होता, “म्हणजे साहेबांचं डोकं खरोखरच धातूचं आहे तर. मला उगाच पाप लागत होतं.” हे धातू म्हणे ताऱ्यांनीच रांधून वाढलेले. त्यामुळं साधारणपणे फार जुना गुच्छ धातूंनी गरीब आणि अलीकडचा श्रीमंत, असं आमचे साहेब सांगायचे. साहेब जे सांगायचे ते मी टाइप करायची.

या कामातली खरी मेख म्हणजे नटव्या. हे नाव बाईंनी दिलेलं. प्रत्येक म्हाताऱ्या गुच्छात चार-दोन तारे असे असतात की बरोबरीचे सगळे थकून रांगेतून गेले तरी हे आपले वरती डावीकडे, निळेभोर, नव्या नवरीसारखे उभे. शेजारचा तारा गिळून किंवा त्याचं इंधन ओढून ते तरणे झालेले असतात. त्यांना खरं मानलं की गुच्छ आहे त्यापेक्षा लहान भासतो. बाईंच्या घरी त्यांची एक धाकटी बहीण राहायची. ती पंचेचाळिशीला पोचली आणि तिथंच मुक्काम ठोकून बसली. पुढची बारा वर्षं ती पंचेचाळीसच होती. बाई म्हणायच्या, “घरात एक नटवी सांभाळते, मला फोटोतल्या ओळखू येणार नाहीत होय?” कुठलाही आलेख हातात आला की आधी पेन्सिलीनं नटव्यांवर काट मारायची, मग वक्र ठेवायचा. हा त्यांचा नियम.

आता माझी करणी.

एकोणीस वर्षांपूर्वी बाई आठवडाभर रजेवर होत्या. मोजणीच्या खोलीत चांगला उजेड येतो म्हणून मी तिथं बसून टाइप करत होते. शिपायानं चहाची किटली आणून दिली आणि मी ती, खाली काय आहे ते न बघता, टेबलावर ठेवली. खाली बाईंचे अकरा पारदर्शक कागद. उचलली तेव्हा वरचे चार किटलीच्या बुडाला चिकटून वर आले आणि बाकीच्यांचे पापड झाले होते. माझ्या पायाखालची जमीन सरकली. पण मी काही हातपाय गाळून बसणारी नाही. फार खराब न झालेले कागद जड पुस्तकांखाली दाबून सरळ केले. चिकटलेल्या चारांचे जुने नमुने कपाटात मिळाले. सगळे कॉपीच्या मशीनवर घातले आणि नव्या प्लास्टिकवर अकराच्या अकरा प्रती काढल्या. जुने जाळून टाकले. बाई आल्यावर म्हटलं, “बाई, तुमचे कागद पिवळे पडले होते, नवीन काढून ठेवलेत.” बाई म्हणाल्या, “शहाणी गं माझी.” किटलीचं नाव मी काढलं नाही.

त्या कागदांवर बाईंनी एकच गुच्छ मोजला, क्रमांक एकेचाळीस. पुढच्या वर्षी संगणक आला, वक्र पडद्यावर दिसायला लागले आणि प्लास्टिक कपाटात गेलं. पण त्या एकेचाळिसाव्या गुच्छानं बाईंचं नाव केलं. तो धातूंनी कमालीचा गरीब, आणि वय निघालं अवघं साडेतीन अब्ज. गरीब आहे तर म्हातारा असायला हवा होता, हा तर चांगला चाळिशीतला गडी निघाला. साहेबांनी त्यावर लेख लिहिला आणि बाईंचं नाव त्यात पहिल्यांदा छापून आलं. तोवर त्यांचा उल्लेख शेवटच्या ओळीत, आभारात, वीजपुरवठा करणाऱ्यांच्या शेजारी असायचा. त्या दिवशी बाईंनी सगळ्या मजल्याला पेढे वाटले असते, पण त्यांना गोड वर्ज्य होतं, म्हणून चहा पाजला.

लेख छापून चार महिने झाले असतील. मी एक तक्ता कॉपी केला तर तो मुळापेक्षा लहान निघाला. मशीनवाला आला आणि हसत म्हणाला, “बाई, याच्यात ‘पानात बसवा’ हे बटण कायमचं चालू असतं. प्रत्येक प्रत थोडी आकसूनच निघते.” मी विचारलं, “कधीपासून?” तो म्हणाला, “मशीन आल्यापासून.” मी त्याला चहा दिला, बटण बंद करून घेतलं आणि तोंड शिवून टाकलं. झाकली मूठ. साडेतीन अब्ज वर्षांच्या गोष्टीत माझी किटली काय ती केवढीशी, असं मनाला समजावलं. मन काही मूर्ख नव्हतं, पण सवय झाली.

असं करता करता बाईंच्या निवृत्तीला तीन महिने उरले. वेधशाळेनं ठरवलं की त्यांनी मोजलेल्या चौसष्ट गुच्छांचा एक संग्रह काढायचा. प्रत्येकाचं वय, अंतर, धातू, सगळं एका ठिकाणी, आणि मुखपृष्ठावर बाईंचं नाव. अंदाजे नव्हे, खरं. बाई वरवर म्हणायच्या, “कोण वाचणार आहे?” पण मुखपृष्ठाचा रंग कोणता असावा हे त्यांनी मला वेगवेगळ्या दिवशी सहा वेळा विचारलं.

नेमका तेव्हा अपडेटराव आला. परदेशातून शिकून आलेला नवा संशोधक. ‘हे अपडेट करावं लागेल’ हे त्याचं पालुपद, म्हणून हे नाव. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला कुठल्याही जुन्या वस्तूवर धूळ दिसायची. संग्रह छापण्याआधी वानगीदाखल एक गुच्छ संगणकाच्या नव्या मशीनवर तपासू म्हणून त्यानं सगळ्यात गाजलेला घेतला, एकेचाळिसावा. उत्तर आलं, साडेपाच अब्ज. दोन अब्ज वर्षांचा फरक. अंतरसुद्धा हललेलं.

तो थेट मोजणीच्या खोलीत आला आणि म्हणाला, “बाई, राग मानू नका, पण एका ठिकाणी नजर चुकली असेल तर बाकी त्रेसष्ट ठिकाणी चुकली नसेल कशावरून? सगळेच गुच्छ मशीनवर परत मोजावे लागतील. आणि मग संग्रह तुमच्या नावानं काढणं बरं दिसणार नाही.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, चष्मा काढला आणि पुसला. मग म्हणाल्या, “मोजा की.”

तो गेल्यावर मला वाटलं, आता एकेचाळिसाव्याचा जुना आलेख काढतील आणि त्याची खोड मोडतील. आलेख त्यांच्याच खणात होता. पण बाईंनी तो खण उघडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. उलट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. नंबर बदललेला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाल्या, “समोरच्या इमारतीच्या खिडक्या किती गं?” मी मोजून म्हटलं, “अठरा.” त्या म्हणाल्या, “मलाही अठराच दिसतात. पण तेव्हा काय दिसत होतं कुणास ठाऊक.” आणि डब्यातली पोळी तशीच ठेवून दिली. इतक्या वर्षांत मी त्यांना डबा परत नेताना पाहिलं नव्हतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, आणि आमचा तर धंदाच चांदण्याचा. मला तीन रात्री धड झोप लागली नाही. ज्या नजरेवर ती बाई जगली ती नजर माझ्या किटलीपायी बदनाम होत होती, आणि मी शेजारी बसून खिडक्या मोजत होते. लाज वाटली. चौथ्या दिवशी साहेबांनी या प्रकरणावर बैठक बोलावली. साहेब, अपडेटराव, बाई, आणि टिपण घ्यायला मी. साहेबांनी घसा साफ केला आणि मी म्हटलं, “साहेब, आधी माझं ऐका.”

मग सगळं सांगितलं. किटली, चिकटलेले कागद, जाळलेले कागद, ‘पानात बसवा’, मशीनवाला, चहा. बाईंकडे बघायचं धाडस झालं नाही म्हणून टेबलावरच्या पेपरवेटला सगळं सांगितलं.

साहेबांचा चेहरा असा उजळला की जणू मी त्यांना बढती दिली. “म्हणजे तांत्रिक दोष!” ते म्हणाले. “छायाप्रतीचा. सुटलो. वक्र आकसलेले, म्हणून वय कमी भरलं. तो दोष एकाच गुच्छापुरता. शुद्धिपत्र देऊ, संग्रह ठरल्याप्रमाणे निघेल.” अपडेटरावसुद्धा मोकळा झाला. त्याला काही बाईंना दुखवायची हौस नव्हती. मला ओरडायचं सगळ्यांच्या डोक्यातूनच गेलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथं तर मी सबंध ओंडका होऊन तरंगत होते.

बाई उठून गेल्या आणि कपाटातून ते अकरा कागद, एक पट्टी आणि त्यांची जुनी वही घेऊन आल्या. वहीत प्रत्येक वक्राचे मूळ आकडे होते. पट्टी लावून म्हणाल्या, “बावीस सेंटिमीटर हवं. साडेएकवीस भरतंय.” मग पाठकोऱ्या कागदावर त्यांनी आकडेमोड सुरू केली. वीस मिनिटं लागली. चहा आला, थंड झाला. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. मी मनातल्या मनात शिक्षेची तयारी करत होते आणि खरं सांगायचं तर थोडी फुशारलेही होते, की शेवटी का होईना, आपण बाईंना वाचवलं.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “अर्धा अब्ज,” त्या म्हणाल्या. “अंदाजे. कागद आकसल्यानं एवढाच फरक पडतो.”

“आणि बाकीचे दीड?” साहेब.

“प्लास्टिक नंतरही आकसलं असेल,” अपडेटराव घाईनं म्हणाला. “इतकी वर्षं कपाटात होतं. उन्हानं, उष्णतेनं…”

“प्लास्टिकवर किती घालाल?” बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “माझा तिसरा खण उघड. एकेचाळीस नंबरचा आलेख आण.”

आणला. पिवळट कागद, हजारभर बारीक ठिपके. बाईंनी वरच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं चार ठिपके होते, एका ओळीत, शिस्तीत. त्यांच्यावर काट नव्हती. पण खिडकीशी धरल्यावर मलासुद्धा दिसलं, की त्यांच्या शेजारी पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलेलं होतं आणि ते खोडरबरानं पुसलं होतं. कागद तेवढ्या जागी खरखरीत झाला होता.

“या चार नटव्या,” बाई म्हणाल्या. “या काढल्या की वळण खाली येतं. दीड अब्ज तिथं आहेत.”

“दिसल्या नसतील,” साहेब म्हणाले.

“दिसल्या होत्या. प्रश्नचिन्ह मीच घातलं आणि मीच पुसलं.” त्यांचा आवाज नेहमीचाच होता, रजेचा अर्ज वाचून दाखवावा तसा. “म्हातारा निघाला असता तर तो आपला आणखी एक म्हातारा गुच्छ. त्याच्यावर कोण लेख लिहिणार होतं? धातूंनी गरीब आणि वर तरुण, ही बातमी होती. बारा वर्षं माझं नाव आभारात होतं, साहेब. मला तो तरुण हवा होता. चारही एका ओळीत उभ्या होत्या, म्हटलं असतील खऱ्या. नंतर तो आलेख मी कधी उघडला नाही. परवा यानं साडेपाच सांगितले तेव्हाही नाही. नजर गेली असेल असं वाटलं, तर बरंच वाटलं मला. नजर जाणं परवडलं.”

मला राग आला होता, आणि तो कुणावर हे कळत नव्हतं. मी एवढी मान पुढं केली, आणि बाईंनी त्यातली पावच कापून घेतली.

साहेबांनी खुर्ची पुढं ओढली. “बाई, हे आपल्या चौघांत राहू द्या. हिनं प्रती काढल्या हे खरंच आहे. अर्ध्याचे दोन करून टाकू. कोण मोजायला येतंय?”

“मोजायलाच तर मला ठेवलं होतं,” बाई म्हणाल्या. “अर्धा हिचा, दीड माझा. आणि यानं म्हटलं ते बरोबर आहे. एका ठिकाणी असं केलं, तर बाकी त्रेसष्टही तपासायला हवेत.”

अपडेटराव मान खाली घालून नखं बघत होता. जिंकलेला माणूस इतका पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

जिना उतरताना बाईंनी माझा दंड धरला. मला वाटलं, आता किटलीवरून बोलतील. म्हणाल्या, “जुने जाळलेस कुठं गं?” मी म्हटलं, “मागच्या अंगणात, कचऱ्याच्या पिंपात.” त्या म्हणाल्या, “प्लास्टिक होतं ते. खोकला नाही लागला?” मी रडले. त्यांनी रडू दिलं आणि मग शुद्धिपत्र सांगायला बसल्या.

ते असं होतं: ‘गुच्छ क्रमांक एकेचाळीसचे वय साडेतीन अब्ज वर्षे असे आम्ही पूर्वी दिले होते. ते साडेपाच अब्ज असे वाचावे. चुकीपैकी अंदाजे अर्धा अब्ज वर्षे छायाप्रत आकसल्यामुळे, व उरलेली दीड अब्ज वर्षे मोजणाऱ्याच्या इच्छेमुळे.’

साहेबांनी ‘इच्छेमुळे’ खोडून ‘निवडीतील त्रुटीमुळे’ केलं आणि कागद माझ्याकडे परत आला. मी बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, “त्रुटी म्हणजे दिसलं नाही. मला दिसलं होतं.” एवढंच म्हणाल्या, मला काही कर म्हणून सांगितलं नाही. मी ते पुन्हा टाइप केलं, बाईंच्या शब्दांत, आणि सहीच्या गठ्ठ्यात दोन रजेच्या अर्जांच्या आणि एका झाडूच्या मागणीपत्राच्या मध्ये घातलं. साहेब गठ्ठा कधी वाचत नाहीत. नियतकालिकाकडे गेलेल्या त्या कागदावर त्यांची सही आहे, झोकदार.

मग त्रेसष्ट गुच्छांची फेरतपासणी सुरू झाली. तीन महिन्यांत बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी साहेबांनी ‘अचूक नजर’ या शब्दांपाशी येऊन भाषणात गचका खाल्ला आणि सरळ भिंतीवरच्या घड्याळाच्या भेटीकडे वळले. दुसऱ्या दिवशी साडेदहाला बाई परत हजर. अपडेटरावाच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या. तो मशीनवर वय काढायचा आणि आकडा झाकून ठेवायचा. बाई जुना आलेख बघायच्या आणि काय निघेल ते आधी सांगायच्या. पाच महिने हे चाललं. शेवटी शेवटी तो स्वतःहून विचारायला लागला, “बाई, यातली नटवी कोणती?” आणि मशीननं ज्या ताऱ्याला खरं मानलं होतं त्यावर बाईंची पेन्सिल टेकायची. त्रेसष्टपैकी एकसष्ट बरोबर निघाले. दोन चुकले, थोडेसेच. ते दोन बघून बाई इतक्या खूश झाल्या की मला कळेना. म्हणाल्या, “या साध्या चुका आहेत गं. मोजताना होतात तशा.”

संग्रह निघाला. मुखपृष्ठावर वेधशाळेचं नाव आहे. बाईंचं तिसऱ्या पानावर, तळाशी, लहान टाइपात: मोजणी व फेरमोजणी. रंग त्यांनी म्हटलेला नाही. छपाईवाल्याकडे तो नव्हता.

नियतकालिकवाले मात्र साडेतीन अब्ज वर्षांच्या गतीनं काम करतात. शुद्धिपत्राबद्दल त्यांचं पत्र आलं तेव्हा बाईंना घरी बसून महिना झाला होता. ते घेऊन मी रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेले. दार बहिणीनं उघडलं. बाई स्वयंपाकघरात फडताळ आवरत होत्या, डबे सगळे जमिनीवर मांडलेले. मी डब्यांमधून वाट काढत स्टुलावर बसले आणि पत्र वाचून दाखवलं.

‘आपल्या शुद्धिपत्रातील अखेरच्या वाक्यात इच्छा हा शब्द आला आहे. या क्षेत्रात अशी संज्ञा आमच्या पाहण्यात नाही. ती कोणत्या अर्थाने वापरली आहे ते कळवावे. अन्यथा त्याऐवजी त्रुटी असे छापण्यास आपली हरकत नसावी.’

“साहेबांना दाखवलंस?”

“नाही.”

बाईंनी हातातला डबा पुसून पुरा केला, झाकण लावलं, वरच्या फळीवर ठेवला. मग पदराला हात पुसून माझ्यासमोर जमिनीवरच बसल्या.

“घे लिहून,” त्या म्हणाल्या. मी पर्समधून वही काढली.

“हरकत आहे. शब्द नेहमीच्याच अर्थानं वापरला आहे.”